हास्यमीटरला ऐकू न आलेलं हसू

माझा चेहरा तुमच्या ओळखीचा असण्याचं काही कारण नाही. माझे हात मात्र तुम्ही ऐकलेले असणार. टीव्हीवर कुणी गाणं संपवलं, कुणी विनोद केला, कुणाची हरवलेली बहीण अचानक स्टेजवर आली, की जो टाळ्यांचा कडकडाट होतो, त्यात बरीच वर्षं मी होते. तिसऱ्या रांगेत, खांबाच्या अलीकडे. पुढे मी बसायची थांबले आणि बसवायला लागले. धंद्याच्या भाषेत याला ऑडियन्स को-ऑर्डिनेटर म्हणतात. आमचे हे म्हणायचे, टाळ्यांची ठेकेदारीण. ह्यांना वाटायचं मी चिडेन. मला तर ते व्हिजिटिंग कार्डावर छापावंसं वाटायचं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, टीव्हीच्या कार्यक्रमाला लोक आवडीने येतात. येतातही, एकदा. एवढ्या गार हॉलमध्ये दिवसभर बसून तोच विनोद तीनतीनदा ऐकला की माणसाची आवड घरी निघून जाते, फक्त माणूस खुर्चीत उरतो. म्हणून पुन्हा पुन्हा येणारी, सांगितल्यावर हसणारी आणि सांगितल्यावर थांबणारी माणसं लागतात. ती पुरवणं हे माझं काम. प्रोडक्शनवाले फोनवर विचारायचे, "विजूताई, उद्या शंभर ऑडियन्स मिळेल का? फॅमिलीवाली पाहिजे, कॉलेजची नको." कोथिंबीर मागावी तशी ऑडियन्स मागायचे, आणि मीही ताजी आहे की शिळी ते सांगायची.

स्टुडिओ काशिमीऱ्याच्या पुढे, घोडबंदर रोडला. आणि मी मीरा रोडला. यापेक्षा सोयीची जागा या धंद्याला दुसरी नसेल. आमच्याकडे एकेका बिल्डिंगमध्ये दोन भजनी मंडळं, एक भिशी, एक झुंबा आणि सातव्या मजल्यावर गुजराती बायकांचं कीर्तन. कुणाच्या गच्चीवर हळदीकुंकवाला गेले की उठेपर्यंत माझी एक बस भरलेली असायची. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तेव्हा चौकच्या बायका यायच्या. चौक म्हणजे उत्तनकडचं कोळ्यांचं गाव. या बायका एरवी टोपल्या घेऊन भाईंदरला मासळी विकणाऱ्या. दोन महिने मासळी नाही, मग टाळ्या.

नियम साधे होते. पांढरं घालायचं नाही. बारीक चौकडा किंवा बारीक रेघा नकोत, कॅमेऱ्यात त्या वळवळतात. प्रत्येकीने शाल आणायची आणि ती मांडीखाली लपवायची. ज्यांचे दात चांगले त्या पुढे. ज्या जांभया देतात त्या खांबामागे. रिकामी खुर्ची हा आमच्यातला सगळ्यात मोठा अपशकुन. कुणी बाथरूमला गेलं तर तिच्या जागी मी जाऊन बसायची. त्यामुळे एकाच कार्यक्रमात मी पाच ठिकाणी दिसलेली आहे.

आता एक गुपित सांगते. तुम्ही टीव्हीवर बघता, गायिका वरचा सूर लावते आणि लगेच समोरच्या बाईच्या डोळ्यांत पाणी. ते पाणी त्या सुराचं नसतं. रिअ‍ॅक्शन सकाळीच घेऊन ठेवतात. कलाकार मेकअपला असतात, जज अजून घरी असतात, आणि फ्लोअर मॅनेजर ओरडतो, "चलो, सब हँसो! अब शॉक! अब रोना! अब खडे होके ताली!" समोर स्टेजवर फक्त झाडूवाला असायचा. त्या झाडूवाल्यासाठी लोकांनी उभं राहून जेवढ्या टाळ्या वाजवल्या तेवढ्या कुठल्या नटाच्या नशिबी नसतील. पहिल्या दिवशी तो बिचारा लाजून पडद्यामागे पळाला. महिन्याभराने तो झाडू बाजूला ठेवून छातीवर हात ठेवायला लागला, आणि मग वाकून नमस्कारही करायला लागला.

रडण्यात आमच्या नलूवहिनींचा हात कुणी धरू शकत नव्हतं. शेजारच्या विंगमध्ये राहणारी, स्वभावाने एकदम हसरी बाई. पण "रोना" म्हटलं की तिच्या डाव्या डोळ्यातून एकच थेंब निघायचा आणि नेमका गालाच्या मध्यावर थांबायचा. कॅमेरामन तिच्यावर खूष. तिचा तो एक थेंब त्यांनी बरेच महिने वापरला. आईवरचं गाणं झालं की नलूवहिनी, सैनिकावरचं झालं की नलूवहिनी. राजापूरला तिच्या भावाने बहिणीला त्याच निळ्या साडीत दर शनिवारी रडताना पाहिलं आणि एक दिवस तो बॅग घेऊन थेट मीरा रोडला आला, मेहुण्याला जाब विचारायला. बिचारे भाऊजी तेव्हा स्वयंपाकघरात तिच्यासाठी चहा करत होते.

धंदा वाढला तसे टीव्हीबाहेरचेही लोक यायला लागले. एकदा एक मुलगा आला. मोबाईलवर व्हिडीओ करणारा, केस कोंबड्याच्या तुऱ्यासारखे. त्याला गर्दी हवी होती. तो मीरा रोड स्टेशनबाहेर आइस्क्रीमच्या दुकानात शिरणार, बाहेर येणार, आणि तेवढ्यात लोक त्याला ओळखून त्याच्यावर धावून येणार, असा व्हिडीओ. म्हटलं, धावून येऊ की, त्यात काय! तीसेक माणसं नेली. ठरल्याप्रमाणे तो बाहेर आला आणि आमच्या बायका "आई गं, तोच तो!" करत धावल्या.

इथपर्यंत सगळं माझं होतं. पण बायका धावताना बघून भाजीवाले धावले. भाजीवाले धावले म्हणून रिक्षावाले उतरले. स्टेशनातून लोंढा बाहेर पडला तो सरळ दुकानाकडेच वळला. प्रत्येक जण पुढच्याला विचारत होता, "कौन है?" आणि पुढचा न वळता सांगत होता, "अरे, वो है ना, वो!" बंदोबस्ताला आलेल्या हवालदाराने आधी शिट्टी वाजवली आणि मग सेल्फी काढली. शेवटी त्या मुलाला मी दुकानाच्या मागच्या दाराने, आइस्क्रीमच्या रिकाम्या खोक्यांमधून बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. मला वाटलं, आभार मानेल. तर म्हणाला, "आँटी, तुमची माणसं आलीच नाहीत ना? मी बघितलं ना, ती सगळी ओरिजिनल पब्लिक होती." त्याच्यापुरतं ते खरंच होतं. आज त्याला खरोखरच लोक ओळखतात. कशासाठी ते मात्र मला अजून कळलेलं नाही.

हे सगळं मी हसत सांगते आहे, आणि करतानाही हसतच केलं. कुणाला फसवतोय असं मला कधी वाटलं नाही. लग्नात बँड लावतातच ना? तसा आमचा बँड. एकदाच मात्र त्या बँडचा मला राग आला. ती गोष्ट सुरेश घवाळीची.

सुरेश आमच्या स्टेशनचा शेअर रिक्षावाला. पन्नाशीचा, किडकिडीत, मिशी नाही. मूळचा संगमेश्वरकडचा. त्याच्या गावी शिमग्याला नमन होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते, नमनात गवळणी दूधदही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण आणि पेंद्या त्यांची वाट अडवतात, आणि गवळणींची पुढारी असते मावशी. ही मावशी नेहमी पुरुषच होतो. लुगडं नेसून, कमरेवर हात ठेवून ती देवालासुद्धा खडे बोल सुनावते. सुरेश वयात आल्यापासून ती मावशी करत होता. रिक्षात सुट्ट्या पैशांवरून कुणी वाद घातला की तो मावशीच्याच आवाजात उत्तर द्यायचा. अशाच एका पॅसेंजरने त्याचा व्हिडीओ काढून पाठवला आणि सुरेश एका विनोदाच्या स्पर्धेत निवडला गेला. त्या स्पर्धेला ऑडियन्स माझी.

शूटिंगच्या आदल्या दिवशी मी त्याच्याच रिक्षात होते. माझ्याशिवाय पॅसेंजर नव्हता. तो म्हणाला, "ताई, गावची पोरं बोलतात मावशी आता बंद करूया. तिच्यावर आता कोण हसत नाय. त्या जागी डीजेवर नाच बसवायचा हाय त्यांना."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय बोलणार? दोन वर्षं मलापण तसंच वाटतंय. माणसं मोबाईलमध्ये बघत बसतात. हितं जर टिकलो ना, तर समजायचं मावशीत अजून जीव हाय. नाय टिकलो तर आईचं लुगडं पेटीत ठेवून द्यायचं. परत काढायचं नाय."

मी म्हटलं, "टिकाल हो." पण माझ्या बायकांना मी त्याच्याबद्दल एक अक्षर बोलले नाही. कोण आपला, कोण परका हे ऑडियन्सला सांगायचं नाही, हा माझा नियम होता. टाळ्या सगळ्यांना सारख्या.

आता त्या स्पर्धेतली एक नवीन गोष्ट. हास्यमीटर. स्टेजच्या मागे उंच पडदा, त्यावर एक पिवळा खांब. लोक जितके हसतील तितका खांब वर चढणार आणि सगळ्यात कमी खांबवाला घरी जाणार. असे मीटर मी पुष्कळ पाहिले होते. इतर ठिकाणी एक माणूस कोपऱ्यात कॉम्प्युटरवर बसून बोटाने खांब वरखाली करतो, चहा पिता पिता. पण इथले डायरेक्टर प्रामाणिक निघाले. ते म्हणाले, आपला मीटर खरा असणार. त्यांनी ऑडियन्सच्या डोक्यावर माइक टांगले, तारा थेट मीटरला जोडल्या. मला त्यांचं कौतुक वाटलं. या धंद्यात प्रामाणिक माणूस आला की काय होतं, ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

दिवस पावसाळ्यातले, म्हणून निम्मी ऑडियन्स चौकची. पुढच्या दोन रांगांत मी त्यांनाच बसवलं होतं, कारण त्यांच्या साड्यांचे रंग हॉल उजळून टाकायचे. मधोमध फिलोमिना. साठीची, हाडापेराने मजबूत, भाईंदरच्या बाजारात तिच्याशी घासाघीस करायला माणसं दोघंदोघं जातात.

आधी अंधेरीकडचा एक मुलगा आला. हातात माइक, अंगात टीशर्ट. तो डेटिंग अ‍ॅपवर बोलला. आमच्या बायकांना त्यातलं काही कळलं असेल तर शपथ. पण फ्लोअर मॅनेजर बंटीने हात वर केला की त्या खदखदून हसत होत्या, हात खाली केला की थांबत होत्या. सवयीचं काम. खांब सरसर वर गेला.

मग सुरेश आला. आईचं हिरवं लुगडं, डोक्यावर घागर. त्याने काय केलं, मथुरेला निघालेल्या मावशीला मीरा रोडला आणलं. मावशी शेअर रिक्षात चौथी सीट म्हणून अर्धी बाहेर बसली. तिथून तिला हवालदाराने उतरवलं. मग ती बसमध्ये चढली तर कंडक्टरने नाकाला रुमाल लावला, म्हणाला, दह्याचा वास येतो, खाली उतर. मावशीने घागर खाली ठेवली, पदर खोचला, कंडक्टरला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "नाकाला एवढा जपतोस, तर नाक उतरव खाली. त्याच्या सीटवर मी बसते!"

टोपली घेऊन जन्मभर बसने फिरलेल्या बायकांपुढे हे वाक्य पडलं. आणि मग जे झालं ते मी विसरणार नाही. फिलोमिनाने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती कमरेत वाकली ती वर येईचना. तिच्या शेजारणीने तिच्या पाठीवर डोकं टेकलं. मागच्या रांगेत नलूवहिनींच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी, सांगितलं नसताना. एक बाई पोट धरून खुर्चीखाली सरकली. कुणीतरी कुणाच्या तरी मांडीवर बुक्क्या मारत होतं. सगळ्या रांगांत नुसत्या पाठी हलताना दिसत होत्या. तोंड एकीचंही दिसत नव्हतं आणि आवाज म्हणाल तर, कुठेतरी मधूनच एखादं "आई गं" तेवढं.

बंटी हात हलवून हलवून थकला. त्याच्याकडे बघायला कुणाचं डोकं वर असेल तर ना! मी त्याच्या शेजारीच उभी होते. माझं काम होतं बायकांना चुटकी वाजवून भानावर आणण्याचं. पण माझंही तोंड पदरात होतं.

माइकने प्रामाणिकपणे आवाज मोजला. आवाज नव्हता. पिवळा खांब तळाला पडून राहिला.

स्टेजवर दिवे असे असतात की तिथून ऑडियन्स म्हणजे काळा खड्डा. सुरेशला आम्ही दिसत नव्हतो. त्याला ऐकू येत होती ती शांतता, आणि वळून बघितल्यावर दिसला तो मीटर. जजही मीटरकडेच बघत होते. एक जण हळहळून म्हणाले, "चांगला प्रयत्न, पण पब्लिकशी कनेक्ट नाही झालं." सुरेशच्या चेहऱ्यावरचा रंग तसाच होता, पण त्याखाली चेहरा उतरलेला मला दिसला. त्याने घागर उचलली, रिकामीच होती ती, पण अशी उचलली की जड वाटावी.

वरच्या स्पीकरमधून डायरेक्टर ओरडले, "ऑडियन्स मर गई क्या?" बंटी धावत आला. "दीदी, क्या हुआ इनको? एक रीटेक मिलेगा. माइक का प्रॉब्लेम था, ऐसा बोल देंगे. इतना ठंडा एपिसोड नहीं जा सकता." सुरेशची दया त्यांना आली नव्हती. एपिसोडची आली होती. पण मला काय, रीटेक मिळत होता.

मी बायकांपुढे गेले. आयुष्यात पहिल्यांदाच मला असं बोलावं लागलं. "अगं, आता खरं हसू नका. नेहमीसारखं हसा!"

फिलोमिना डोळे पुसत म्हणाली, "हसताना कोन आरडतं काय बाय? आरडतात त्या भांडताना. आनी आता परत कसा हसायचा? प्वाटात जागाच न्हाय."

"जागा कर. नाहीतर तो माणूस घरी जाईल."

हे ऐकल्यावर मात्र त्या सरसावून बसल्या.

दुसऱ्यांदा सुरेश आला तो मावशी नव्हताच. लुगडं तेच होतं, आत एक थकलेला रिक्षावाला. वाक्यं पुढची मागे झाली. कंडक्टरच्या नाकाचं वाक्य तर त्याने अर्धं गिळलं. आणि आम्ही? बंटीचा हात वर गेला आणि माझ्या बायकांनी असा हशा दिला की तसा त्या हॉलने कधी ऐकला नव्हता. दात बाहेर, माना मागे, टाळ्या डोक्याच्या वर. खांब चढतच गेला, टोकाला पोचला, वरून चकचकीत कागद पडले. जज उभे राहिले. सुरेश टिकला. तो मीटरकडे बघत उभा होता आणि त्याच्या केसांत तो चकचकीत कागद अडकला होता.

चार दिवसांनी त्याची रिक्षा मिळाली. मी पेढे मागितले. त्याने नुसता गिअर टाकला. सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "ताई, पहिल्या वेळेला मी जीव तोडून केलं, तवा हॉल चिडीचूप. दुसऱ्या वेळेला वाक्य खाल्लं, तर छप्पर उडालं. मग त्या टाळ्या कोणाच्या?"

"माझ्या," मी म्हटलं. खोटं बोलून उपयोग नव्हता.

"तेच."

"पण पहिल्या वेळी त्या हसत होत्या हो सुरेशभाऊ! पोट धरधरून हसत होत्या. खरंच."

त्याने मागे न बघता सांगितलं, "तुमचा धंदाच हाय तो ताई. माणसाला बरं वाटेल असं करायचं." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. इतकी वर्षं लोकांनी माझा खोटा हशा खरा मानला, आणि एका खऱ्या हशाची साक्ष द्यायची वेळ आली तर माझ्यावर विश्वास ठेवायला कुणी नव्हतं. घरी येऊन मी रडले. नलूवहिनींसारखा एक थेंब नव्हे, नाक लाल होईपर्यंत.

टीव्हीवर दाखवलं तेव्हा त्यांनी पहिल्या वेळची मावशी घेतली आणि तिला दुसऱ्या वेळचा हशा चिकटवला. मध्ये सकाळी झाडूवाल्यासमोर काढलेल्या आमच्या बत्तिशा. गावी पोरांनी तो मीटर टोकाला गेलेला बघितला आणि लगेच सुरेशला फोन. डीजे रद्द, मावशी पाहिजेच. सुरेशने सांगितलं, "मीटरला नाचवा, मी येत नाय." पुढच्या फेरीत तो बाहेर पडला. त्याचं त्याला काही वाटलं नाही. लुगडं खरंच पेटीत गेलं.

गणपती झाले. बोटी समुद्रात गेल्या होत्या. एका दुपारी भाईंदरला मला फिलोमिना दिसली. टोपली रिकामी करून चौकच्या बसची वाट बघत होती. तेवढ्यात तिकडून सुरेश रिकामी रिक्षा घेऊन येताना दिसला आणि माझ्यातली जुनी ठेकेदारीण जागी झाली. म्हटलं, "चल गं, माझ्या घरी चहा घे, मग जा." मी हात केला. सीटिंग मीच लावलं. तिला मधोमध बसवलं, आरशात बरोबर येईल अशी. टोपली तिच्या मांडीवर. लुगड्यातला आणि रंगातला सुरेश तिने पाहिलेला, खाकीतल्या सुरेशला ती ओळखणं शक्य नव्हतं. आणि त्याने तर हिला कधी पाहिलंच नव्हतं.

रिक्षा निघाली आणि मी नाकाला पदर लावला. "फिलोमिना, टोपलीचा वास येतोय गं फार."

तिने माझ्याकडे मान वळवली. कमरेवर हात ठेवला. "नाकाला येवढा जपतंस, तर नाक उतरव खाली! त्याच्या सीटवर माझी टोपली बसंल!"

रिक्षाचा वेग कमी झाला. सुरेशने आरशात बघितलं. "बाय, हे कुठं ऐकलंत तुम्ही?"

"आमच्या गावात सगल्या बोलतात," फिलोमिना म्हणाली. "बसमंदी कोन नाक मुरडतंय, की आमी हेच बोलतो. परवा एका सायबाला बोललो, तं तो खरंच उठला! एक मावशी व्हती टीवीच्या हॉलात, ती बोलली व्हती. आगं बाय, काय सांगू ती..." आणि तिला आठवलं. पदराचा बोळा तोंडात गेला, मान टोपलीवर टेकली, खांदे गदागदा हलायला लागले. आवाज शून्य.

सुरेशने घाबरून रिक्षा कडेला घेतली. मागे वळून म्हणाला, "ताई, ह्यांना काय झालं? रडतायत काय?"

"हसतेय ती," मी म्हटलं. "सगळा हॉल असा हसत होता."

तो बघत राहिला. फिलोमिनाचं थांबेपर्यंत बघत राहिला. मागून एक बसवाला हॉर्न वाजवून वाजवून गेला तरी याचं लक्ष नव्हतं. मग त्याने माझ्याकडे संशयाने बघितलं. "हिला तुम्हीच आणून बसवलीत ना?"

"बसवलं मी. हसायला नाही सांगितलं."

त्या दिवशी त्याने आमच्याकडून भाडं घेतलं नाही आणि फिलोमिनाला परत थेट चौकपर्यंत सोडून आला. वाटेत तिला त्याने आपण कोण ते सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

आता मी ते काम सोडलं आहे. गुडघे बोलतात, आणि हल्ली म्हणे कॉम्प्युटर स्वतःच हशा तयार करतो, शालही मागत नाही. पण यंदाच्या शिमग्याला सुरेशने मला आणि आमच्या ह्यांना गावी बोलावलं. देवळापुढे मांडव, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला जमिनीवर बायका. मंडळाची पोरं वायरी ओढत होती आणि कुरकुरत होती, कारण मावशीने यायला एकच अट घातली होती. एक हॅलोजन स्टेजवर न लावता बायकांकडे तोंड करून लावायचा.

मावशी आली. हिरवं लुगडं, डोक्यावर घागर. दोन वाक्यं झाली आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या बायका एकेक करून पदरात वाकायला लागल्या. सवयीने माझा हात टाळीसाठी वर गेला होता. मी तो खाली घेतला. हॅलोजनच्या उजेडात मावशी बोलायची थांबली, कमरेवर हात ठेवला, आणि त्या हलणाऱ्या पाठींकडे डोळे भरून बघत उभी राहिली.